अवैद्य कोण? : फ्रॉइडच्या १९२६ च्या संवादग्रंथातील मनोविश्लेषक-प्रशिक्षणाच्या विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

मानसोपचार करणारी व्यक्ती घडते कशी, हा प्रश्न मानसशास्त्राच्या अध्यापनात क्वचितच स्वतंत्रपणे उपस्थित केला जातो. सिद्धांत, चाचण्या, विकृतींचे वर्गीकरण यांचे अध्यापन होते. परंतु दुसऱ्याच्या दुःखात हस्तक्षेप करण्याचा अधिकार कोणत्या शिक्षणाने प्राप्त होतो आणि तो प्राप्त झाला आहे हे कोणी ठरवावयाचे, याची चर्चा अभावानेच आढळते. मनोगतिक मानसोपचाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. नेणिवेतील संघर्ष, बालपणीच्या नात्यांचे वर्तमानात उमटणारे ठसे आणि रुग्ण व उपचारक यांच्यात निर्माण होणारे भावसंक्रमण यांवर ही पद्धती आधारलेली आहे. तेथे उपचारकाजवळ औषध नसते, उपकरण नसते. त्याचे स्वतःचे मन हेच त्याचे साधन असते. साहजिकच प्रशिक्षण म्हणजे या साधनाची घडण, असा अर्थ होतो. आणि मनाची घडण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून तपासता येत नाही.

या प्रश्नाचा पहिला सविस्तर विचार सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोटेखानी ग्रंथात आढळतो. मूळ जर्मन शीर्षकाचा आशय मराठीत ‘अवैद्य मनोविश्लेषणाचा प्रश्न’ असा सांगता येईल. येथे ‘अवैद्य’ म्हणजे वैद्यकीय पदवी नसलेला, ‘अवैध’ नव्हे. मात्र त्या काळातील ऑस्ट्रियाच्या कायद्याने या दोन शब्दांतील अंतर जवळजवळ पुसून टाकले होते आणि त्यातूनच हा ग्रंथ जन्माला आला. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे रूप, त्यातील प्रशिक्षणविचार, त्या विचारातील उणिवा आणि त्यांची पुढील काळात आलेली प्रचीती यांचा परामर्श घेतला आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

थिओडोर राइक हे फ्रॉइड यांचे तरुण सहकारी. त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात फ्लोबेर या फ्रेंच कादंबरीकाराच्या एका कृतीवर मनोविश्लेषणात्मक प्रबंध लिहून १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळविली होती. ते साहित्य आणि मानसशास्त्र यांचे अभ्यासक होते, वैद्य नव्हते. वैद्यकीय पदवी नसताना रुग्णांवर उपचार करणे ऑस्ट्रियात गुन्हा होता. या कायद्याखाली राइक यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप ठेवण्यात आला. त्यांच्या बचावार्थ फ्रॉइड यांनी १९२६ च्या उन्हाळ्यात हा ग्रंथ लिहिला. १९२७ मध्ये राइक यांच्यावरील कारवाई मागे घेतली गेली आणि त्याच वर्षी फ्रॉइड यांनी ग्रंथाला पुरवणी जोडली.

हा प्रश्न एका व्यक्तीपुरता मर्यादित नव्हता. बर्लिनमध्ये १९२० साली मॅक्स आयटिंगॉन यांच्या आर्थिक पाठबळाने मनोविश्लेषणाचे चिकित्सालय सुरू झाले होते. तेथे रुग्णाच्या ऐपतीप्रमाणे शुल्क घेतले जाई आणि अनेकांवर विनामूल्य उपचार होत. या चिकित्सालयाच्या आधारानेच प्रशिक्षणाची पहिली संघटित व्यवस्था उभी राहिली. प्रशिक्षणार्थीचे स्वतःचे विश्लेषण, सिद्धांताचे अध्ययन आणि अनुभवी विश्लेषकाच्या पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार, अशी तिची तीन अंगे होती. प्रशिक्षणार्थींच्या विश्लेषणासाठी बर्लिनला ज्यांना पाचारण करण्यात आले ते हान्स झाक्स हेही वैद्य नव्हते; ते कायद्याचे पदवीधर होते. १९२५ मध्ये बाड होम्बुर्ग येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण समिती स्थापन होऊन या त्रिविध पद्धतीला सर्वत्र मान्यता देण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे फ्रॉइड यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा प्रशिक्षणाचा साचा नुकताच तयार झाला होता. ग्रंथातील युक्तिवाद याच साच्यावर विसंबलेला आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

संवादरूपाचे मर्म

फ्रॉइड यांनी या ग्रंथासाठी संवादाचे रूप निवडले. एक ‘निःपक्षपाती व्यक्ती’ प्रश्न विचारते आणि लेखक उत्तरे देतो. प्रश्नकर्ता सुविद्य, सौजन्यशील आणि काहीसा साशंक असा अधिकारी पुरुष आहे. व्हिएन्नातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डुरिग यांच्यावरून हे पात्र बेतले असावे, असे मानले जाते. उपचारात बोलण्यापलीकडे काहीच घडत नाही हे ऐकून तो निराश होतो. शब्दांनी रोग कसा बरा होईल, अशी शंका घेतो. मग फ्रॉइड त्याला शब्दांचे सामर्थ्य समजावून सांगतात आणि ‘अहम्’ व ‘इदम्’ यांची रचना, दमन, कामप्रेरणा, प्रतिरोध, भावसंक्रमण अशा एकेका पायरीने कायद्याच्या मूळ प्रश्नापर्यंत आणून सोडतात.

वरवर पाहता ही सुबोध निवेदनाची युक्ती वाटते. परंतु संवादाकडे बारकाईने पाहिले असता त्यातून प्रशिक्षणाची मुख्य अडचणच प्रकट होते. ग्रंथात फ्रॉइड कबूल करतात की, विद्यार्थ्यांना केवळ सिद्धांत शिकवला असता त्याचा ठसा उमटत नाही. ते तो इतर कोणत्याही अमूर्त विषयाप्रमाणे थंडपणे ऐकून घेतात. स्वतःच्या विश्लेषणात त्या प्रक्रियांचा अनुभव आल्यावरच खात्री पटते. म्हणूनच इतरांचे विश्लेषण करू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःचे विश्लेषण करून घेतले पाहिजे, असा दंडक त्यांनी सांगितला आहे.

हा दंडक मान्य केला तर निःपक्षपाती व्यक्तीची स्थिती चमत्कारिक होते. तिला ऐकता येते, आक्षेप घेता येतात, परंतु तिची खात्री पटणे तत्त्वतः अशक्य ठरते. कारण तिने विश्लेषणाचा अनुभव घेतलेला नाही. तो घेतला तर ती बाहेरची राहत नाही. थोडक्यात, बाहेरच्या माणसाला प्रमाण तपासता येत नाही आणि ज्याला तपासता येते तो आतला झालेला असतो. कोणत्याही ज्ञानशाखेच्या दृष्टीने ही अवघड जागा आहे. फ्रॉइड यांनी ती लपवलेली नाही, हे या ग्रंथाचे सामर्थ्य होय. तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग त्यांनी दाखविलेला नाही, ही त्याची मर्यादा होय.

अर्थात हा आक्षेप टोकाला नेऊ नये. पोहणे, गायन, अध्यापन या कलाही अनुभवावाचून समजत नाहीत. पण गायकाचे गाणे न गाणाऱ्या श्रोत्यालाही ऐकता येते. विश्लेषणाच्या खोलीत श्रोता नसतो. तेथे काय घडले हे सांगणारे दोघेच असतात आणि त्यांपैकी एक जण दुसऱ्यावर अवलंबून असतो. त्यामुळे येथे प्रशिक्षणाच्या विश्वासार्हतेवर इतर कलांपेक्षा कितीतरी अधिक भार पडतो.

‘अवैद्य’ शब्दाची नवी व्याख्या

ग्रंथातील सर्वांत प्रभावी भाग म्हणजे ‘भोंदू’ आणि ‘अवैद्य’ या शब्दांचा फ्रॉइड यांनी केलेला अर्थपालट. कायद्याच्या लेखी भोंदू म्हणजे पदवीविना उपचार करणारा. फ्रॉइड यांच्या मते, आवश्यक ज्ञान आणि कौशल्य नसताना जो उपचार करतो तो भोंदू. या कसोटीवर मनोविश्लेषणाचे शिक्षण न घेता मनोविश्लेषण करू पाहणारे डॉक्टरच भोंदूंमध्ये बहुसंख्य ठरतात, असा टोला त्यांनी लगावला आहे. वैद्यकीय शिक्षणात मनाच्या अभ्यासाला स्थान नाही. उलट सर्व विकारांचे कारण शरीरात शोधण्याची सवय तेथे लागते आणि ती या कामात अडथळाच आणते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र हे सांगताना त्यांनी सावधगिरी सोडलेली नाही. शारीरिक विकाराचा संशय असेल तेथे वैद्याचा सल्ला घेतलाच पाहिजे, हे बंधन ते अवैद्य विश्लेषकावर घालतात. ज्याने आवश्यक प्रशिक्षण पूर्ण केले तो या क्षेत्रात ‘अवैद्य’ राहतच नाही, हा त्यांचा निष्कर्ष होय.

याला जोडूनच आदर्श अभ्यासक्रमाची कल्पना येते. भविष्यात मनोविश्लेषणाचे महाविद्यालय स्थापन झाले तर तेथे नेणिवेचे मानसशास्त्र, जीवशास्त्राची तोंडओळख, कामजीवनाचे शास्त्र आणि मनोविकृतींची लक्षणे हे विषय असतील. त्याचबरोबर संस्कृतीचा इतिहास, पुराणकथांचा अभ्यास, धर्माचे मानसशास्त्र आणि साहित्याचा अभ्यास यांचाही अंतर्भाव असेल, असे फ्रॉइड लिहितात. या विषयांशी चांगला परिचय नसेल तर विश्लेषकाला आपल्यासमोर येणाऱ्या सामग्रीतील बराच भाग उमगणार नाही, असे ते बजावतात. वैद्यकशाखेतील विषयांपैकी पुष्कळसे त्यांना या कामी निरुपयोगी वाटतात.

मानव्यविद्यांच्या उपयुक्ततेविषयी वारंवार शंका घेतली जात असताना हे प्रतिपादन विशेष लक्षणीय ठरते. येथे साहित्याला शोभेचे किंवा व्यक्तिमत्त्व-विकासाचे स्थान दिलेले नाही. रुग्णाची कथा ऐकताना तिच्यातील प्रतिमा, पुनरुक्ती, गाळलेल्या जागा ओळखता येणे हे व्यावसायिक कौशल्य आहे आणि ते साहित्याच्या वाचनाने कमावले जाते, असा त्याचा अर्थ होतो. एला शार्प यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्या इंग्रजी साहित्याच्या शिक्षिका होत्या आणि पुढे लंडनमधील नामवंत विश्लेषक झाल्या. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वप्नविश्लेषणावरील ग्रंथात त्यांनी स्वप्नांच्या रचनेचे विवेचन काव्यालंकारांच्या साहाय्याने केले. अॅना फ्रॉइड या शाळेत शिक्षिका होत्या, एरिक एरिक्सन चित्रकलेकडून या क्षेत्रात आले, तर मेलनी क्लाइन यांच्याजवळ कोणतीही विद्यापीठीय पदवी नव्हती. वैद्यकीय पदवीची अट सर्वत्र लागू झाली असती, तर बालमानसाविषयीच्या विसाव्या शतकातील विचाराचा फार मोठा भाग निर्माणच झाला नसता.

ग्रंथातील मौन

इतक्या समर्थ युक्तिवादात काही प्रश्न मात्र अनुच्चारित राहतात. निःपक्षपाती व्यक्ती अनेक शंका विचारते, परंतु प्रशिक्षकाला कोणी प्रशिक्षित केले, हा साधा प्रश्न विचारत नाही. फ्रॉइड यांचे विश्लेषण दुसऱ्या कोणी केलेले नव्हते. त्यांनी आत्मविश्लेषण केले होते. म्हणजे परंपरेचा मूळपुरुष तिच्या पहिल्याच अटीला अपवाद आहे. प्रत्येक परंपरेचा आरंभ असा अपवादानेच होतो, असे म्हणता येईल. परंतु अपवादाचा उच्चार न झाल्याने अधिकार ज्ञानातून आला की वंशपरंपरेतून, हे अस्पष्ट राहते. कोणाचे विश्लेषण कोणी केले, यावरून विश्लेषकाची प्रतिष्ठा ठरविण्याची पुढील काळातील प्रवृत्ती या अस्पष्टतेतच रुजली.

दुसरे मौन अधिक गंभीर आहे. प्रशिक्षणार्थीचे विश्लेषण हा उपचार की परीक्षा? विश्लेषणाचा मूलभूत नियम असा की, मनात येईल ते काहीही न गाळता बोलावे. परंतु समोरच्या व्यक्तीच्या अभिप्रायावर आपले भवितव्य अवलंबून आहे हे ठाऊक असेल, तर प्रशिक्षणार्थी न गाळता बोलेल कसा? १९३७ च्या ‘सान्त आणि अनंत विश्लेषण’ या आशयाच्या निबंधात फ्रॉइड यांनी स्पष्टच म्हटले आहे की, प्रशिक्षण-विश्लेषण व्यावहारिक कारणांमुळे अल्प आणि अपूर्णच राहते आणि उमेदवार पुढील शिक्षणासाठी योग्य आहे किंवा नाही याचा निर्णय शिक्षकाला करता यावा, हा त्याचा मुख्य हेतू असतो. त्याच निबंधात विश्लेषकाने दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, अशी शिफारसही आहे. ही शिफारस नैतिकदृष्ट्या उदात्त आहे; पण तिच्याशेजारीच परीक्षेचे तत्त्व नांदत असल्याने मूळ अंतर्विरोध सुटत नाही. १९२६ च्या ग्रंथात तर तो जाणवूही दिलेला नाही.

तिसरे मौन खर्चाविषयीचे आहे. आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षे चालणाऱ्या स्वतःच्या विश्लेषणाचा भार प्रशिक्षणार्थीला उचलावा लागतो. फ्रॉइड यांनी पदवीचा अडसर दूर केला. पण त्या जागी पैशाचा अडसर उभा राहण्याची शक्यता त्यांनी तपासली नाही. समाजसेवकांना विश्लेषणाचे शिक्षण देण्यासाठी एखादा अमेरिकन धनिक पुढे येईल, अशी अर्धवट विनोदी आशा ग्रंथाच्या अखेरीस व्यक्त झाली आहे, इतकेच.

पुढील इतिहासाची साक्ष

या मौनांचे परिणाम पुढील काळात दिसून आले. अमेरिकेतील मनोविश्लेषक संघटनेने फ्रॉइड यांचे मत डावलून १९३८ मध्ये प्रशिक्षण वैद्यकीय पदवीधरांपुरते मर्यादित केले. योगायोग असा की, ज्यांच्या बचावासाठी ग्रंथ लिहिला गेला ते राइक याच वर्षी अमेरिकेत पोहोचले. तेथे पूर्ण सदस्यत्व न मिळाल्याने त्यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे अवैद्यांना प्रवेश देणारी स्वतंत्र संस्था स्थापन केली. ही कोंडी फुटण्यासाठी १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञांना न्यायालयात जावे लागले आणि त्या दशकाच्या अखेरीस तडजोड होऊन दरवाजे उघडले.

युरोपात प्रवेशाचा प्रश्न तुलनेने सौम्य होता. तेथे टीकेचा रोख संस्थांच्या अंतर्गत सत्तेवर राहिला. मायकेल बालिंट यांनी १९४८ मध्ये प्रशिक्षणव्यवस्थेची तुलना आदिम समाजांतील दीक्षाविधीशी केली. दीक्षाविधीत नवागताला गुपित ज्ञान दिले जाते आणि त्याच वेळी दीक्षा देणाऱ्यांशी एकरूप होण्यास भाग पाडले जाते. प्रशिक्षणातही स्वतंत्र बुद्धीऐवजी अनुयायित्व निर्माण होते, हा त्यांचा आक्षेप होता. झीगफ्रीड बर्नफेल्ड यांनी १९५२ च्या व्याख्यानात ही व्यवस्था विद्यार्थ्याच्या गरजांपेक्षा संस्थेच्या सोयीला प्राधान्य देते, असे दाखवून दिले. ऑटो केर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रशिक्षणसंस्थांची तुलना कलाशाळा, तंत्रविद्यालय, धर्मपीठ आणि विद्यापीठ या चार प्रतिमानांशी केली. या संस्थांनी कलाशाळा आणि विद्यापीठ यांचा आदर्श ठेवावयास हवा, परंतु प्रत्यक्षात त्या तंत्रविद्यालय आणि धर्मपीठ यांच्या वळणाने चालतात, असे त्यांचे निदान होते. १९९६ मध्ये त्यांनीच प्रशिक्षणार्थींची सर्जनशीलता नष्ट करण्याच्या तीस पद्धती उपरोधाने नोंदविल्या. विशेष म्हणजे केर्नबर्ग पुढे आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेचे अध्यक्ष झाले. तेव्हा ही टीका बाहेरच्यांची म्हणून बाजूला सारता येत नाही.

सुधारणाही झाल्या. प्रशिक्षणार्थीच्या विश्लेषकाने संस्थेला अहवाल देण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी बंद पडली. फ्रेंच पद्धतीत वैयक्तिक विश्लेषण संस्थेच्या कक्षेबाहेर ठेवले जाते आणि भर पर्यवेक्षणावर दिला जातो. उरुग्वेमध्ये १९७० च्या दशकात प्रवेश, अध्यापन, पर्यवेक्षण ही कामे वेगवेगळ्या गटांकडे सोपवून सत्तेचे विकेंद्रीकरण करण्यात आले. बर्लिनच्या साच्याबरोबर या दोन्ही पद्धतींना आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे मान्यता दिली. या सर्व सुधारणांचे सूत्र एकच आहे : जो ऐकतो त्याने निकाल देऊ नये.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाला निराळे परिमाण लाभले. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्ता येथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि ती आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न झाली. बोस वैद्यकीय पदवीधर होते आणि दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला, परंतु दोघांची भेट कधीच झाली नाही आणि बोस यांचे विश्लेषण कोणा प्रशिक्षित विश्लेषकाने केलेले नव्हते. म्हणजे फ्रॉइड यांचा अपवाद येथे पुन्हा घडला. बर्लिनच्या नियमाने पाहिल्यास बोस यांचा अधिकार संशयास्पद ठरतो. कार्याच्या दृष्टीने पाहिल्यास ते या विद्येचे भारतातील प्रवर्तक ठरतात. परस्परविरोधी इच्छांविषयीचा आपला सिद्धांत त्यांनी फ्रॉइड यांच्याशी मतभेद पत्करून मांडला. विश्लेषकाच्या शय्येवर न गेलेल्या व्यक्तीला हे स्वातंत्र्य अधिक सहजतेने लाभले असावे काय, हा प्रश्न बालिंट यांच्या आक्षेपाच्या प्रकाशात विचारण्याजोगा आहे. या संस्थेच्या १९४७ पासूनच्या नियतकालिकाचे नाव ‘समीक्षा’ असे आहे. मराठीत साहित्याच्या चिकित्सेला जो शब्द रूढ आहे तोच तेथे मनाच्या चिकित्सेसाठी योजला गेला, ही गोष्ट फ्रॉइड यांच्या अभ्यासक्रमाच्या कल्पनेशी सुसंगतच म्हणावी लागेल.

मुंबईचा संबंध एमिलिओ सेर्व्हादिओ यांच्यामुळे येतो. इटलीतील १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे देश सोडावा लागलेले हे विश्लेषक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत वास्तव्यास होते आणि तेथील मनोविश्लेषणाच्या कार्याला त्यांचा हातभार लागला. ते स्वतः कायद्याचे पदवीधर होते. पुढील पिढीतील सुधीर कक्कर (१९३८-२०२४) अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र यांचे शिक्षण घेऊन मनोविश्लेषणाकडे वळले आणि फ्रँकफुर्ट येथे प्रशिक्षित झाले. भारतीय मन, बालपण, संत आणि वैद्यपरंपरा यांवरील त्यांचे लेखन वैद्यकीय पदवीच्या अटीत बसले नसते.

भारतीय परिस्थितीत गुरुशिष्य-परंपरेचे प्रतिमान सुचविले जाणे स्वाभाविक होते. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-चेला संबंधाचा उपचाराचे प्रतिमान म्हणून विचार मांडला. उपचारासाठी या प्रतिमानाचे मोल मान्य केले तरी प्रशिक्षणासाठी ते जसेच्या तसे स्वीकारण्यात धोका आहे. गुरूवरील श्रद्धा ही परंपरेत साधना मानली जाते. विश्लेषणात मात्र त्या श्रद्धेचाच अर्थ लावावयाचा असतो. शरणागतीचे विश्लेषण न करता तिचा उपयोग करून घेणारे प्रशिक्षण दीक्षाविधीच ठरेल.

समारोप

फ्रॉइड यांनी १९१९ च्या एका लेखात म्हटले होते की, विश्लेषकाला विद्यापीठावाचून चालेल. विद्यापीठाला मात्र मनोविश्लेषणाचा लाभ होईल. शंभर वर्षांनंतर परिस्थिती पालटली आहे. भारतात १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची व्यवस्था केली. २०२१ च्या कायद्याने अन्य आरोग्य व्यवसायांच्या नियमनाचा मार्ग आखला. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात मनोविश्लेषणात्मक मानसोपचाराचा एम. फिल. अभ्यासक्रम राबविला गेला. परंतु २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने एम. फिल. पदवीलाच पूर्णविराम दिला. दुसरीकडे समुपदेशनाची अल्पमुदतीची प्रमाणपत्रे अनेक ठिकाणी दिली जात आहेत. अशा वेळी १९२६ चा ग्रंथ दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो. पदवी म्हणजे पात्रता नव्हे, हे तो नियमन करणाऱ्यांना सुनावतो आणि पदवीची अट नसणे म्हणजे शिक्षणाची अट नसणे नव्हे, हे प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांना सुनावतो.

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मनोगतिक मानसोपचाराच्या प्रशिक्षणात प्रवेशाची कसोटी कोणत्याही एका विद्याशाखेपुरती मर्यादित ठेवणे ग्रंथाच्या व इतिहासाच्या साक्षीने समर्थनीय ठरत नाही.

२) वैयक्तिक विश्लेषण वा मानसोपचार हा प्रशिक्षणाचा अनिवार्य भाग असला, तरी त्याचा मूल्यमापनाशी संबंध असता कामा नये. मूल्यमापन पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष कार्यावरून, एकाहून अधिक व्यक्तींनी करावे.

३) साहित्य, पुराणकथा, धर्म आणि संस्कृती यांचा अभ्यास हा या प्रशिक्षणाचा गाभ्याचा भाग आहे. भारतीय भाषांतील साहित्याला त्यात स्थान नसेल, तर त्या भाषांतून दुःख सांगणाऱ्या रुग्णांची सामग्री विश्लेषकाला अगम्यच राहील.

४) प्रशिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न शैक्षणिक प्रश्न म्हणूनच हाताळला पाहिजे, बर्लिनच्या चिकित्सालयाने रुग्णांना दिलेली सवलत प्रशिक्षणार्थींनाही मिळावयास हवी.

फ्रॉइड यांच्या ग्रंथातील निःपक्षपाती व्यक्ती अखेरपर्यंत पूर्णपणे पटवली जात नाही. पुरवणीतही लेखकाने तिच्या मतपरिवर्तनाचा दावा केलेला नाही. प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने अशा एका प्रश्नकर्त्याला आपल्या रचनेत कायमचे स्थान देणे आवश्यक आहे. कारण बंद खोलीत ज्यांच्यावर उपचार होतात त्यांच्या वतीने प्रश्न विचारणारे दुसरे कोणी तेथे नसते.